पंखे मीच बंद करायला लावले

प्रिय गुंड्यास,

ताईचे भरपूर आशीर्वाद. (चव्वेचाळीस वर्षांच्या, हाताखाली साठ माणसं असलेल्या माणसाला मोठ्या बहिणीने गुंड्या म्हणू नये, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. वाचलं. विचार करून कळवते.) तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? पुलाच्या कामावर वारा फार असतो, कानाला काही बांधतोस का? आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावतोस ना? नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट म्हणजे टोपी, हे मी तुला पूर्वीही सांगितलं आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो आपल्या घरातल्या सगळ्यांचाच कुरकुरतो, त्याला आजार म्हणायचं नाही. तुझी टिटवीही ठीक आहे. खाते, झोपते, शाळेत जाते. बोलत तेवढी नाही, पण त्याचं कारण या पत्रात पुढे येईल, तेव्हा उगाच घाबरून पानं उलटू नकोस.

तर गेल्या रविवारी तिची नाचाची आणि बॅटनची स्पर्धा झाली. बॅटन म्हणजे काय ते तुला नीट ठाऊक नसावं असा मला संशय आहे, कारण मागे फोनवर तू ‘ती काठी’ म्हणालास आणि पोरीने फोन गुपचूप माझ्या हातात दिला. काठी नव्हे ती. हातभर लांबीची धातूची दांडी असते, दोन्ही टोकांना रबरी बोंडं असतात. संगीतावर नाचता नाचता ती बोटांतून, कोपरावरून, मानेवरून फिरवायची, मग सरळ छताकडे भिरकावायची, ती खाली येईपर्यंत स्वतःभोवती दोन गिरक्या घ्यायच्या आणि काही विशेष झालंच नाही अशा चेहऱ्याने हसत झेलायची. जिने काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं ‘वरून काहीही पडता कामा नये’ या एका वाक्यावर पोट भरलं, तिच्याच घरात हे मूल वाढावं, याला काय म्हणायचं ते तूच ठरव. या वर्षी टिटवीला पहिल्यांदा एकटीचा नाच मिळाला होता. आधीची चार वर्षं ती घोळक्यात नाचली, डावीकडून तिसरी. पहिल्या तिघींत आली असती तर पुढच्या महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेत गेली असती, आणि या रविवारी तुला रजा नव्हती तरी तिथे तू येणार होतास. ‘एकटीचा नाच असेल तेव्हा रजा काढून येतो,’ असं तू दोन वर्षांपूर्वी फोनवर म्हणाला होतास. तू बोलून मोकळा झालास, तिने ती काळ्या दगडावरची रेघ धरली. तिची आई गेल्यापासून पाच वर्षं ती माझ्याकडे आहे, माझ्या हातचं खाते, माझ्यावर चिडते, माझ्याच शाली पांघरते, पण तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर तुझ्या रजांवर चालतं. असो.

आता या सगळ्यात मी कुठून आले, ते सांगते. स्पर्धेआधी नाचाच्या बाईंनी पालकांची सभा बोलावली. विमावाल्यांनी त्यांना कळवलं होतं की या वर्षीपासून ‘आरोग्य व सुरक्षा प्रमुख’ नेमल्याशिवाय सभागृहात एकही दांडी उडणार नाही. बाईंनी विचारलं, कोण होतंय? सगळे पालक एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मीही बघणारच होते. पण माझी नजर समोरच्या भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावर गेली. ते उलटं टांगलं होतं, गुंड्या. उलटं! मी उठले, ते सरळ केलं, त्याच्यावरची तारीख वाचली (आठ वर्षांपूर्वी संपलेली), आणि वळून बघते तर सगळी सभा माझ्याकडे अशी बघत होती, जशी बुडणारी माणसं होडीकडे बघतात. टाळ्याही वाजल्या. टिटवीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

एकदा काम अंगावर घेतलं की मी ते कसं करते, ते तुला ठाऊक आहे. (तुझ्या लग्नात मी मांडवाचे खांब हलवून बघितले होते, ते तू अजून ऐकवतोस. पण त्यातला एक हलत होता की नाही?) मी आधी सतरा प्रश्नांचा एक अर्ज तयार केला. प्रत्येक मुलीने तो भरून द्यायचा. बुटांचे तळवे गुळगुळीत आहेत का, केसांत टोकदार काटे किती, कपड्यांवरच्या टिकल्या घट्ट शिवल्यात का, बॅटनची बोंडं सैल झालीत का, वगैरे. ‘पूर्वीच्या दुखापती’ या रकान्यात सहा वर्षांच्या एका मुलीने ‘भाऊ चावला’ असं लिहिलं होतं, आणि पुढे कंसात ‘दोनदा’. मग मी नियम लिहिले. एकूण बारा. नववा नियम असा की सांधा सुजलेला किंवा दुखावलेला असेल तर त्या स्पर्धकाने रंगमंचावर जायचं नाही, आणि यात कोणाचीही, कोणत्याही कारणाने गय केली जाणार नाही. खाली माझी सही. ‘कोणाचीही’ या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. त्या मारताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

शनिवारी मी टेप घेऊन सभागृह तपासायला गेले. तिथला रखवालदार म्हणजे एक शांत गृहस्थ, वीस वर्षं तेच सभागृह उघडतो आणि बंद करतो. त्याने मला किल्ल्यांचा जुडगा दिला, स्टूल दिलं, आणि मी स्टुलावर चढल्यावर न सांगता ते धरून उभा राहिला, त्यावरून मी त्याच्याविषयी चांगलं मत बनवलं. संकटकाळच्या दाराला बक्षिसांचं टेबल टेकवून ठेवलं होतं, ते मी हलवलं. पुढच्या दोन रांगा खुर्च्या काढायला लावल्या, कारण सुटलेली दांडी किती लांब जाते ते मी बागेत टिटवीकडून फेकून घेऊन मोजलं होतं. परीक्षकांसाठी कारखान्यातून तीन पिवळी हेल्मेटं आणली होती, ती टेबलावर ओळीने मांडली. आणि मग मी वर बघितलं. छताला आठ पंखे. रंगमंचाच्या बरोबर वर त्यांतले दोन. मी डोळ्यांपुढे चित्र आणलं : दांडी वर जाते, पंख्याच्या पात्याला लागते, आणि तिथून पुढे ती कोणाच्या वाट्याला येईल ते सांगता येत नाही. मी पंखे बंद ठेवायला सांगितले. आठही. शिवाय वाऱ्याने दांडीची दिशा बदलू नये म्हणून खिडक्यासुद्धा. रखवालदार म्हणाला, “ताई, तीनशे माणसं बसतात इथे. दोघीतिघींचं झालं की मध्ये पाच मिनिटं पंखे लावत जाऊ का?” मी त्याला सांगितलं, सुरक्षेत मध्येमध्ये असं काही नसतं. तो बरं म्हणाला. बरं म्हणण्याचे किती प्रकार असतात, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी दहाच्या सुमाराला सभागृह भरलं. साडेदहाला माझ्या चष्म्यावर वाफ आली. पुढच्या रांगेतून मागे हलवलेल्या आया माझ्याकडे आधीच तिरक्या नजरेने बघत होत्या, आता त्या माझेच नियम छापलेल्या कागदाने वारा घेत बघायला लागल्या. तरी मी खूश होते, कारण सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. मग सगळ्यांत लहान गटातल्या बारा मुली आल्या, चंदेरी झगे, गालांवर लाल ठिपके. संगीत सुरू झालं. त्यांनी बॅटन फिरवल्या, आणि दुसऱ्या मिनिटाला, जिथे सगळ्यांनी एकदम वर फेकायची असते तिथे, बारांपैकी नऊ दांड्या वर गेल्याच नाहीत. त्या पुढे गेल्या. घामाने ओल्या झालेल्या हातातून धातूची गुळगुळीत दांडी कशी सुटते, याचा विचार मी, सव्वीस वर्षांच्या अनुभवाची बाई, केलाच नव्हता. एक परीक्षकांच्या पाण्याच्या जगमध्ये शिरली. एक बक्षिसांच्या टेबलावर, सर्वोत्तम शिस्तीच्या ढालीला लागली. एक स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या चिटणिसांच्या दोन पायांच्या मधून गेली, आणि ते गृहस्थ त्यानंतर बराच वेळ खुर्ची पुढे धरून उभे राहिले. ‘भाऊ चावला’ तेवढी ठाम उभी होती. तिची बॅटन तिच्या हातातच होती, कारण ती फेकायची असते हे ती विसरली होती.

मी ताबडतोब उपाय केला. गाडीत कारखान्याच्या सुती हातमोज्यांचं खोकं होतं, ते आणून पुढच्या गटाला वाटले. गुंड्या, सुती मोजा आणि घासून चकचकीत केलेला धातू यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, हे मी तुला आता छातीवर हात ठेवून सांगू शकते. त्या गटाच्या दांड्या साबणासारख्या सुटल्या. मुख्य परीक्षक, ज्यांनी सकाळी माझ्या हेल्मेटकडे बघून ‘नको, फोटो काढतात’ म्हटलं होतं, त्यांनी ते आता आपण होऊन घातलं आणि पट्टाही लावला. आमच्या कारखान्यात ‘थोडक्यात वाचलो’ नावाची वही असते. अपघात झाला नाही पण होता होता राहिला, की तिच्यात लिहायचं, म्हणजे पुढचा टळतो. तशी एक वही मी इथेही ठेवली होती. कारखान्यात वर्षाकाठी वीसेक नोंदी होतात. इथे पाऊण तासात एकतीस झाल्या आणि पान संपलं. आणि त्या एकतिसांतल्या प्रत्येक नोंदीपुढे ‘कारण’ या रकान्यात मला एकच गोष्ट लिहिता येत होती : सुरक्षा प्रमुख.

मग मी उठले, ध्वनिक्षेपक घेतला, आणि चूक माझी आहे, पंधरा मिनिटं स्पर्धा थांबवते, असं सांगितलं. लाज वाटली. पण तिथे सहा-सात वर्षांच्या मुली रडत होत्या, आपल्यालाच जमलं नाही असं त्यांना वाटत होतं, आणि ते त्यांना घरी घेऊन जाऊ देणं मला पटेना. बाईंनी लगेच त्यांचा नाच पुन्हा घ्यायचं कबूल केलं. खिडक्या उघडल्या, पंखे लागले, सभागृहाने मोठा निःश्वास टाकला. दोघीतिघींचं झालं की मध्ये पाच मिनिटं पंखे लावायचे असं ठरलं. (रखवालदार नुसता मान हलवत होता. माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही, हा त्याचा चांगुलपणा.) आणि मी प्रायश्चित्त म्हणून टॉवेल घेऊन पडद्यामागे गेले, प्रत्येक मुलीचे हात पुसून तिला पुढे सोडायचं काम करायला.

तेराव्या नंबरला टिटवी होती. मी तिचा डावा हात पुसला. उजवा धरला तर तिने तो मागे घेतला. थोडासाच. तुझ्या लक्षातही आलं नसतं. पण कारखान्यात हात लपवणारी माणसं मी आयुष्यभर बघत आले आहे, त्यांचे चेहरे फार साधे होतात. मी तिच्या मनगटावरची चंदेरी पट्टी सोडली. खाली चिकटपट्टी, तिच्याखाली आणखी एक पट्टी, आणि त्याखाली मनगट पावासारखं फुगलेलं. माझ्या अर्जावर, ‘सध्याच्या दुखापती’ पुढे, तिने सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं.

बाई म्हणाल्या, अडीच मिनिटांचा तर प्रश्न आहे. चिटणीस म्हणाले, आज इतकं काय काय झालं, त्यात हे एक. टिटवीने सुटलेली पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. फक्त एकदा, अगदी हळू, “आत्या, जाऊ दे ना,” एवढं म्हणाली. ती माझ्याकडे काही मागत नाही रे. पाच वर्षांत तिने हट्ट म्हणून केला असेल तर तीन-चारदा. आणि माझ्या हातात तो कागद होता, कोणाचीही या शब्दाखाली दोन रेघा. खरं सांगू? कागद नसता तर मी तिला सोडलं असतं. मला तिला नाचताना बघायचं होतं. पण ती दांडी वीस फुटांवरून खाली येते आणि ती झेलायची त्याच मनगटाने. मी नाही म्हटलं. नाव पुकारलं गेलं, दोनदा, आणि मग चौदाव्या नंबरचं संगीत सुरू झालं. टिटवी खुर्चीवर बसून तोंडातल्या तोंडात ताल मोजत राहिली, संपूर्ण अडीच मिनिटं, तिच्या स्वतःच्या नाचाचा. मी शेजारी टॉवेल घेऊन उभी होते. त्याने मग मीच माझं तोंड पुसलं.

संध्याकाळी मनगटाचा एक्स-रे काढला. हाडाला बारीकशी चीर आहे. तीन आठवडे पट्टा, मग ती होती तशी होईल. डॉक्टर म्हणाले, आज त्यावर झेललं असतं तर काम वाढलं असतं. हे त्यांनी तिच्यासमोर सांगितलं, त्यामुळे मी बरोबर होते हे सिद्ध झालं, आणि त्याचा मला काडीचाही उपयोग झालेला नाही. तेव्हापासून तिने बोलणं टाकलंय. घरात कारभार चिठ्ठ्यांवर चालतो. डाव्या हाताने लिहिते, अक्षर सगळं वाकडं. ‘मीठ.’ ‘शाळेत आठ वाजता.’ ‘माझा कंगवा तू नीट ठेवलास म्हणून सापडत नाही.’

पण वहीत तिची नोंद राहिली होती. होता होता राहिलेला अपघात, नियमाप्रमाणे लिहायलाच हवा, आणि आमच्याकडे ‘कारण : निष्काळजीपणा’ असं लिहायला बंदी आहे. ‘का’ विचारायचं, उत्तर आलं की त्यावर पुन्हा ‘का’, असं पाच वेळा, तेव्हा कुठे खरं कारण हाती लागतं. म्हणून मीही चिठ्ठ्या लिहून तिच्या दाराखालून सरकवल्या. पहिली : पडलीस का? उत्तर आलं : तुझ्या न घसरणाऱ्या चटईच्या कडेत पाय अडकला. (चटई मी हिवाळ्यात आणली होती. खाली ‘सुरक्षित घर’ असं छापलेलं आहे.) दुसरी : सांगितलं का नाहीस? उत्तर : तू थांबवलं असतंस. तिसरी : थांबवलं असतं तर एवढं काय, घोळक्याचा नाच होताच की? उत्तर : हा एकटीचा होता. चौथी : मग पुढच्या वर्षी पुन्हा असेल, याच वर्षी का? उत्तर यायला वेळ लागला. आलं ते एवढंच : पुढच्या वर्षीचं कोण सांगतं. पाचवा ‘का’ मी लिहिला नाही. नोंद अर्धीच ठेवली आहे.

असं सगळं आहे. तात्पर्य, कोणाला काही झालेलं नाही, टिटवी बरी होते आहे, मी बरी आहे, चिटणीसही आता बरे आहेत. तू काळजी करू नकोस, आणि पूल अर्धवट टाकून धावत यायचं तर मुळीच कारण नाही. जेवण वेळेवर घे. पट्टा हनुवटीखाली.

तुझी,
ताई

ता. क. : मंडळाने मला पुढच्या वर्षासाठीही एकमताने नेमलं आहे. मी नको म्हणणार होते, पण उपप्रमुख म्हणून रखवालदाराचं नाव मी सुचवलं आणि ते मान्य झालं, म्हणून हो म्हटलं.

ता. क. २ : ती चटई मी काढून टाकली. काढल्यावर त्याच जागी घसरून पडले. हे टिटवीला सांगू नकोस. ती दारात उभी होती, तिला माहीत आहे. ती हसली, आणि मला उठवायला तिने डावा हात पुढे केला. बोलली मात्र नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायच्या आधी मी तो पाचवा ‘का’ विचारला. एकटीचाच नाच का हवा होता, असं लिहून चिठ्ठी सरकवली. तिचं उत्तर आलं आहे, ते सोबत घातलंय, तू स्वतःच्या डोळ्यांनी वाच. अक्षर लागलं नाही तर सांगते, तिने लिहिलंय : ‘नाच नसेल तर बाबा कशाला येतील.’ गुंड्या, काळजी करू नकोस, येऊ नकोस, असं जे वर लिहिलंय ते खोड. पुढच्या महिन्यात तिची कुठलीही स्पर्धा नाही. तिच्या हाताला पट्टा आहे, ती काही फिरवणार नाही, काही फेकणार नाही, बघण्यासारखं इथे काहीही नाहीये. तू ये.